पथ्य पाळूनही काटा वर का जातो?

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात सान्तोरिओ सान्तोरिओ नावाचे एक वैद्य शिकवत असत. त्यांनी एका मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीत बसून ते जेवू लागले. जेवणाआधी वजन, जेवणानंतर वजन, झोपताना वजन, उठल्यावर वजन. ताटातलं अन्न मोजायचं, प्यायलेलं पाणी मोजायचं आणि शरीरातून जे बाहेर पडेल तेही मोजायचं. हा उद्योग त्यांनी सुमारे तीस वर्षं चालवला आणि 1614 साली त्यावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जात होतं.

ते जात होतं त्वचेवरून आणि श्वासातून. त्यात बहुतेक पाण्याची वाफ होती आणि थोडा कार्बन डायऑक्साइड. घटलेली चरबीसुद्धा याच वाटेने जाते. ती ‘वितळून’ घामावाटे जाते किंवा तिची शक्ती होऊन उडून जाते, असं आपण धरून चालतो. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अणूंचा सरळ हिशेब मांडला. 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. वजन उतरलेला माणूस ते बव्हंशी नाकातोंडावाटे हवेत सोडून आलेला असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता श्वास घेत बसलो होतो.

शरीराचा हा जमाखर्च इतका अदृश्य आहे, आणि तरीही त्यावरून आपण माणसांची पारख करतो. “मी मोजून खाते, रोज तासभर चालते, तरी वजन वाढतंच आहे,” असं कुणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, चोरून खात असणार. मला हा संशय अन्यायाचा वाटतो. तो का, हे समजायला एक छोटं गणित पुरेसं आहे.

रोज 2,000 कॅलरी खाणारा माणूस दहा वर्षांत 73 लाख कॅलरी खातो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठतात. म्हणजे दहा वर्षांत पाच किलो चरबी वाढायची, तर 38,500 कॅलरी जास्तीच्या हव्यात. 73 लाखांमध्ये 38,500 म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. दिवसाला साडेदहा कॅलरी, सपाट चमचाभर साखरेहूनही कमी. प्रत्यक्षात वाढत्या शरीराचा खर्चही वाढतो, त्यामुळे गणित इतकं सरळ राहत नाही. पण फरक किती बारीक असतो, त्याचा अंदाज यातून येतो. कोणताही आहारतज्ज्ञ, कोणतंही मोबाइलवरचं ॲप इतकं अचूक मोजू शकत नाही. तरीही बहुतेकांचं शरीर वर्षानुवर्षं, सणवार, आजारपणं, लग्नसराई धरून, हा हिशेब 99 टक्क्यांच्या वर जुळवत राहतं. दहा वर्षांत वजन पाच किलो वाढलं याहून, ते पन्नास किलो वाढलं नाही, हे मला जास्त थक्क करणारं वाटतं.

हा हिशेब ठेवतं कोण, याकडे येतोच. त्याआधी काट्याबद्दल थोडं.

वजनकाटा चरबी मोजत नाही, सगळंच मोजतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, मोठ्या माणसात साधारण 400 ते 500 ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. दोन दिवस भात-पोळी सोडली की हा साठा बराचसा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि दीड-दोन किलो ‘उतरतात’. एका लग्नाच्या पंगतीने ते जसेच्या तसे परत येतात. वर लोणचं-पापडाचं मीठ असेल तर ते आणखी पाणी धरून ठेवतं. नव्याने जिम लावली की दुखऱ्या स्नायूंत पाणी साचतं, म्हणून पहिल्या पंधरवड्यात काटा वर जाऊ शकतो आणि नेमकी तेव्हाच माणसं हिरमुसून जिम सोडतात. पाळीच्या आधीचे चार दिवस तर बहुतेक बायकांना ठाऊकच असतात. एका सकाळच्या आकड्याला म्हणूनच काही अर्थ नसतो. काही आठवड्यांची सरासरी मात्र खरं बोलते.

आता मोजून खाण्याचं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी 1992 साली अशा काही माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांचं म्हणणं होतं की आम्ही दिवसाला 1,200 कॅलरींच्या आत खातो, तरी वजन हलत नाही. त्यांचं चयापचय तपासलं तर ते व्यवस्थित होतं. फरक नोंदीत होता. खाणं सरासरी 47 टक्क्यांनी कमी लिहिलं गेलं होतं आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. हा अभ्यास बरेचजण “बघा, खोटं बोलतात” असं म्हणायला वापरतात. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. कुठल्याही स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून पाहा. तेलाच्या भांड्यात पळी बुडते, कढईत उपडी होते, मोहरी तडतडते. त्या पळीत तीन चमचे तेल होतं की पाच, हे ती फोडणी रोज देणाऱ्या बाईलाही सांगता येणार नाही. एक चमचा तेल म्हणजे सुमारे 40 कॅलरी. म्हणजे अंदाजात दोन चमच्यांची चूक झाली की रोजच्या साडेदहा कॅलरींच्या आठपट. शिवाय कढईतलं तेल कुणाच्या पानात किती गेलं, हे कोण सांगणार? माणसाचा डोळा या मोजणीसाठी घडलेलाच नाही.

मग त्या संशोधकांना खरा खर्च कळला कसा? इथे विज्ञानातली एक अतिशय देखणी युक्ती आहे. पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या नेहमीच्या अणूंऐवजी जरा जड, पण पूर्ण निरुपद्रवी अणू घातलेलं पाणी माणसाला प्यायला देतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासले की दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक मिळतो आणि त्यातून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजे किती इंधन जाळलं, ते निघतं. माणूस घरी, शेतात, ऑफिसात आपापलं जगत असतो. त्याच्या अंगावर ना यंत्र, ना नळी. मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांनी 1950च्या दशकात ही पद्धत शोधली. जड ऑक्सिजन इतका महाग होता की ती माणसांवर वापरायला 1982 साल उजाडलं.

याच पाण्याने नंतर आपल्या कितीतरी खात्रीच्या समजुती उलटवल्या. चाळिशी आली की चयापचय मंदावतं, हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. 2021 साली 29 देशांतल्या 6,400हून जास्त माणसांची मापं एकत्र मांडली गेली, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत. शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर विशीपासून साठीपर्यंत खर्चाची रेषा जवळजवळ सपाट निघाली. साठीनंतर ती वर्षाला सुमारे 0.7 टक्क्याने उतरते. मधल्या वयात पोट सुटतं ते घटलेल्या स्नायूंमुळे, बसून जाणाऱ्या दिवसांमुळे, अपुऱ्या झोपेमुळे. बायकांमध्ये पाळी जाताना चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हेही त्यात आलं.

त्याहून मोठा धक्का टांझानियातून आला. एयासी सरोवराच्या परिसरात हाद्झा लोक आजही शिकार करून, कंद खणून, मध गोळा करून जगतात. पुरुष दिवसाला सरासरी 11 किलोमीटर चालतात, बायका सहाच्या जवळपास. हर्मन पॉन्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना ते जड पाणी प्यायला दिलं आणि 2012 साली निष्कर्ष मांडला. शरीराचा आकार लक्षात घेतला, तर हाद्झांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसांएवढाच होता! पॉन्ट्झर म्हणतात की हालचाल वाढली की शरीर बाकीच्या खात्यांत काटकसर करतं, आतल्या दाहाच्या प्रक्रियांत, संप्रेरकांत, बारीकसारीक चुळबुळीत. ही काटकसर नेमकी किती, यावर संशोधकांत वाद चालू आहेत. पण तासभर चाललो म्हणून यंत्राने दाखवलेल्या 250 कॅलरी पूर्णच्या पूर्ण वजनातून वजा होतात, हा हिशेब आता टिकत नाही. व्यायाम सोडा, असं यातून अजिबात निघत नाही. हृदय, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांसाठी व्यायामाइतकं गुणकारी दुसरं काही मला माहीत नाही. फक्त काटा खाली आणण्याची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकून त्याला नापास करू नये.

एकाच खाण्याचा परिणाम माणसागणिक वेगळा होतो, हे आपल्या आज्या सांगतच आल्या आहेत. एकाच्या अंगी लागत नाही, दुसरीला पाणी प्यायलं तरी लागतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी तरुणांच्या बारा एकसारख्या जुळ्या जोड्या निवडल्या. शंभर दिवसांच्या मुक्कामात 84 दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा 1,000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या. अन्न मोजून दिलेलं, हालचाल ठरवून दिलेली, पळवाट नाही. 1990 साली आकडे प्रसिद्ध झाले. कुणी 4.3 किलोने वाढला होता, कुणी 13.3 किलोने. आणि जुळे भाऊ मात्र वाढीत एकमेकांच्या जवळ होते, चरबी कुठे साठली त्यातही. 1999 साली मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लीव्हाइन यांनी सोळा जणांना आठ आठवडे असंच जास्त खायला दिलं. कुणाच्या अंगावर 0.36 किलो चरबी चढली, कुणाच्या 4.23 किलो. न चढणाऱ्यांचं रहस्य व्यायामात नव्हतं. ते नकळत जास्त हलत होते. बसल्या जागी पाय हलवणं, उठणं, वळणं, उभं राहणं. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं.

काही वेळा मात्र कारण सरळ आजारात किंवा औषधात असतं आणि तिथे वेळ दवडू नये. थायरॉईड मंदावला की वजन वाढतं, पण बहुधा दोन ते पाच किलोच, आणि त्यातलं बरंचसं पाणी-मीठ असतं. त्याच्या जोडीला थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, थकवा असतो. पीसीओएस या बीजकोशांच्या विकारात पाळीही अनियमित होते. कुशिंग सिंड्रोम दुर्मीळ आहे, पण ओळखण्याजोगा आहे. चेहरा गोल होतो, पोट वाढतं पण हातपाय बारीक राहतात, पोटावर जांभळे रुंद चट्टे उठतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी 1912 साली अशा एका तेवीस वर्षांच्या मुलीचं वर्णन लिहून ठेवलं, म्हणून त्याला हे नाव पडलं. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हेच चित्र दिसतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, अमिट्रिप्टिलिन यांनीही वजन वाढतं. ही औषधं मनाने बंद करणं धोक्याचं आहे, पण “याला पर्याय आहे का?” हे डॉक्टरांना जरूर विचारावं. आणि चार-पाच दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर ती चरबी नव्हे. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता तो हिशेब ठेवणारा. त्याचा माग अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावी, जॅक्सन लॅबोरेटरीत लागला. तिथे दोन वेगळ्या वाणांचे अतिशय लठ्ठ उंदीर होते, दोन्ही सतत खाणारे. डग्लस कोलमन यांनी उंदरांच्या जोड्या शस्त्रक्रियेने अशा जोडल्या की एकाचं रक्त दुसऱ्यात थोडं थोडं मिसळावं. दुसऱ्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्याने खाणंच सोडलं आणि तो उपासमारीने मेला. लठ्ठ मात्र खात राहिला. पहिल्या वाणाचा लठ्ठ साध्याला जोडला, तर लठ्ठाचं खाणं कमी झालं. मग दोन्ही लठ्ठ एकमेकांना जोडले आणि पहिल्या वाणाच्या उंदराने खाणं टाकून प्राण सोडला. कोलमन यांनी यातून काय ताडलं पाहा. रक्तात “पोट भरलं” असं सांगणारं काहीतरी आहे. पहिल्या वाणाला ते तयारच करता येत नाही. दुसऱ्याकडे ते भरपूर आहे, पण त्याच्या मेंदूला ते ऐकूच येत नाही. रेणू हाती लागलेला नव्हता, नाव नव्हतं, पुष्कळांचा विश्वासही नव्हता. नुसत्या तर्काने त्यांनी ते 1973 साली लिहून ठेवलं.

एकवीस वर्षांनी, 1994 साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते जनुक सापडलं. त्यातून तयार होणाऱ्या संप्रेरकाला त्यांनी लेप्टिन म्हटलं. आणि ते तयार कुठे होतं? चरबीतच. जिला आपण अंगावरचं निरुपयोगी ओझं समजत होतो, ती चरबी दिवसरात्र मेंदूशी बोलत असते, माझ्याकडे इतका साठा आहे, असं कळवत असते. इंग्लंडमध्ये एका कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांमध्ये हे जनुकच बिघडलेलं आढळलं. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना 94 किलोंची होती. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि वर्षभरात तिचं वजन 16 किलोंनी उतरलं. त्याआधी तिला आणि तिच्या आईवडिलांना लोकांनी काय काय ऐकवलं असेल, याचा विचार करून माझ्या पोटात कालवतं.

असा बिघाड अतिशय दुर्मीळ आहे. बाकीच्या लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो. पण वजन उतरलं की ते सगळ्यांतच घसरतं आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. भूक वाढते, खर्च आवरला जातो. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. वजन बव्हंशी परत आलेलं होतं, तरीही त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना त्या आकाराच्या माणसापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. ज्याने कधीकाळी कडक डाएट केलं होतं आणि आज नीट खाऊनही वाढतो आहे, त्याच्या बाबतीत काय घडत असावं, हे यातून दिसतं. झोपेचंही तसंच. बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं, असं 2004 सालच्या एका अभ्यासात दिसलं.

आणि हे सगळं आईच्या पोटातच सुरू होत असेल तर? हा प्रश्न ज्यांनी जगापुढे ठेवला, त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अग्रणी आहेत. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, एकच, 22.3. क्ष-किरणांनी चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं संभाव्य कारण म्हणून याज्ञिकांचं जन्मावेळचं कमी वजन नोंदवलं.

1993 पासून याज्ञिकांचा गट पुण्याजवळच्या सहा गावांत शेतात राबणाऱ्या गरोदर बायकांची नोंद ठेवत होता. जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोंची होती, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली 3.5 किलोंची. नुसती लहान म्हणून सोडून दिली असती, पण या लोकांनी बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमटीत धरून मापली. वजन कमी, पोट लहान, दंड बारीक, पण त्या घडीची जाडी इंग्लंडच्या बाळांच्या बरीच जवळ. स्नायू आणि अवयवांत कसर झाली होती, चरबी राखली गेली होती. बारीक दिसणारं बाळ आतून चरबीदार होतं. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय 25 ऐवजी 23वर आणि कमरेची मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80 सेंटीमीटर धरतात, ती याच जातीच्या निरीक्षणांमुळे. आपल्याकडे “बारीकच तर आहे” म्हणून पुष्कळांची तपासणीच होत नाही, आणि “एवढं कमी खातो तरी पोट कसं?” हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्या जन्माच्या वेळचं वजन कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं, असं मला फार वाटतं.

त्या आयांपैकी पुष्कळ जणींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली. म्हणून 2012 पासून या गटाने त्याच मुलामुलींना, ती किशोरवयात असताना, म्हणजे आईबाप होण्याच्या कितीतरी आधी, रोजच्या गरजेइतकं बी-12 द्यायला सुरुवात केली. ती मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांतल्या मुलींना झालेल्या बाळांचीही तशीच मापं घेतली गेली आहेत. आज्या, आया आणि नातवंडं अशा तीन पिढ्या एकाच अभ्यासात आल्या आहेत, आणि त्यांच्या पुढच्या नोंदींची मी मनापासून वाट पाहतो आहे.